चार थांब्यांचा कागद

प्रसूतीच्या खोलीत शिरलं की नजर आधी टेबलाकडे जाते, मग डोक्यावरच्या दिव्याकडे, मग कोपऱ्यातल्या बाळाच्या वॉर्मरकडे. त्याच्याकडे कुणाची जात नाही. केसपेपरच्या चिमट्यात अडकून तो खाटेच्या पायथ्याशी लटकलेला असतो. दोन्ही बाजूंनी छापलेला साधा कागद. डाव्या हाताला ओळी, उजव्या हाताला रिकामे चौकोन. एका कोपऱ्यावर बेटाडीनचा तांबूस डाग, वरची कड घामट बोटांनी मऊ पडलेली. शेजारी दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. सरकारी भाषेत त्याचं नाव ‘सुरक्षित प्रसूती तपासणी सूची’. सिस्टर नुसतं ‘चेकलिस्ट’ म्हणतात.

स्वभावानं तो विचारणारा. लग्नघरात एखादी म्हातारी आत्या असते. ती स्वयंपाकात नसते, देण्याघेण्यात नसते, खांबाला टेकून बसलेली असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारते: अंतरपाट काढून ठेवला का? मंगळसूत्र कुणाच्या हातात दिलंय? मामा आले का? पोरं वैतागतात. पण मुहूर्ताला चार मिनिटं उरलेली असताना अंतरपाट सापडत नाही, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या खांबाकडेच वळतात. हा कागद त्या आत्याच्या जातीचा. जे सगळ्यांना माहीत आहे तेच तो पुन्हा विचारतो, आणि नेमकं माहीत असलेलंच घाईत सुटतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तो चारदा थांबवतो. बाई दाखल होते तेव्हा पहिल्यांदा. बाळ बाहेर येण्याच्या जरा आधी दुसऱ्यांदा. बाळ झाल्यावर तासाभराच्या आत तिसऱ्यांदा. आणि बाळंतीण घरी निघते तेव्हा शेवटचं. या चार थांब्यांपलीकडे तो बोलत नाही.

अंकुशनगरच्या माणसाला या कागदाची ओळख करून द्यायला फार वेळ लागू नये असं मला वाटतं. आमचं गाव कारखान्याचं. धुळे–सोलापूर महामार्गावर, महाकाळ्याला लागून, अंबड तालुक्यात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसामागून समर्थ सहकारी साखर कारखाना आला, आणि अंकुशराव टोप्यांच्या नावानं नगर वसलं. इथं गाळप हंगामात दिवसरात्र पाळ्या चालतात, आणि पाळी बदलताना काय होतं ते लहान पोरालाही माहीत असतं. बॉयलरवरचा माणूस नुसता ‘सगळं ठीक आहे’ म्हणून घरी जात नाही. पाण्याची पातळी दाखवणारी काच, दाबाचा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं बघून लॉगबुकात आकडा लिहितो, सही करतो, येणाऱ्याच्या हाती देतो. वीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूसही काच बघितल्याशिवाय आकडा लिहीत नाही. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण काचेतलं पाणी उतरलं आणि कुणाचं लक्ष नसलं तर काय होतं हे त्याला सांगावं लागत नाही. वर पुन्हा दर वर्षी सरकारी निरीक्षक येऊन बॉयलर तपासतो तो वेगळाच.

वाफेच्या भांड्याला आपण एवढं जपतो. बाळंतपणाला आलेल्या बाईसाठीही तितकंच जपा, एवढंच हा कागद मागतो.

आणि इथं येणारी बाई कोण असते? गोदावरी ओलांडली की गेवराई, पुढं बीड. तिकडून आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर मोळ्या बांधायच्या. फडाच्या कडेला कोप, म्हणजे झोपडी, घालायची, पाचटावर गोधडी टाकायची. सातवा महिना असो की नववा, पहाटे फडात जायचंच. खाडा झाला की पैसे कापले जातात. अशी बाई रात्री कळा सुरू झाल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा 108 च्या गाडीत दवाखान्यात येते. तिच्या सातव्या महिन्यातलं बीपी तिच्या गावच्या उपकेंद्राच्या वहीत. सोनोग्राफीचा कागद सासरच्या पेटीत. तिला ओळखणारी आशाताई ऐंशी किलोमीटरवर. दारातल्या सिस्टरसाठी ती पूर्ण अनोळखी, आणि सिस्टर तिच्यासाठी.

शिवाय तिच्या मनात भीती असते, ती उगाच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिच्या टोळीत अशी एखादी मावशी, एखादी जाऊ असतेच. दवाखाना म्हणजे काहीतरी कापून घेणारी जागा, हे तिनं जवळून बघितलेलं असतं.

म्हणून पहिल्या थांब्यावरचे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. बीपी किती? लघवीत प्रथिनं जातात का? ताप आहे का? पाणी कधी गेलं? हिला इथंच ठेवायचं की पुढं अंबडला, जालन्याला पाठवायचं? मग दोन प्रश्न असे, की जे पूर्वी आपल्याकडे कुणी विचारत नव्हतं. हिच्याजवळ थांबायला घरचं बाईमाणूस आहे का? आणि तिला नीट सांगितलं का, की रक्त जायला लागलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, लघवी होईना, खाली जोर द्यावासा वाटला, तर लगेच हाक मार? हाक मारायची परवानगी. रात्री अडीच वाजता परक्या खोलीत पडलेल्या त्या बाईला आधी हीच हवी असते.

दुसऱ्या थांब्याजवळ जरा रेंगाळतो, कारण या कागदाचा सगळा जीव तिथं आहे.

बाळाचं डोकं दिसायला लागलंय. खोलीत ओरडा, सूचना, धावपळ. अशा वेळी तो म्हणतो, थांबा, हाताशी काय काय आहे ते आधी बघा. साबण, पाणी, हातमोजे. मग ऑक्सिटोसिन, 10 युनिटं, आणि ती बाटलीत किंवा कपाटात असून उपयोग नाही, सिरिंजमध्ये भरलेली हवीत. हे औषध उन्हाला फार नाजूक, ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये, वीज गेलेल्या दुपारी, टेबलावर राहिलेली कुपी वरून तशीच दिसते आणि आतून निकामी व्हायला लागते. म्हणून सिस्टर फ्रीजमधून बहुधा पाच-पाच युनिटांच्या दोन कुप्या काढते, मान कापसात धरून मोडते, सिरिंजमध्ये ओढते, सुईवर टोपण चढवते आणि ट्रेमध्ये उजव्या हाताला ठेवते. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही हे हातानं चाचपून झालं, की एका मिनिटाच्या आत ती सुई मांडीत जायला हवी. पिशवी आवळली पाहिजे. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असतं. वार सुटल्यावर पिशवी सैल राहिली तर ते रक्त कुणासाठी थांबत नाही. कपाटाची किल्ली शोधण्याइतका वेळही तिथं नसतो.

मग बाळाची तयारी. दोन कोरडे, उबदार टॉवेल. नाळेचा चिमटा. निर्जंतुक पातं. सक्शन. आणि अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायची ती रबरी पिशवी. ती नुसती आहे म्हणून भागत नाही. सिस्टर तिचा मुखवटा आपल्या तळहातावर दाबून धरते आणि पिशवी पिळते. तळव्याला हवेचा दाब लागला तर ती चालते. कुठं फाटली असेल तर हवा फुस्स करून निसटते. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते, आणि फाटलेली पिशवी त्या मिनिटात कळून काय उपयोग? ती त्याच्या आधी कळायला हवी, तळहातावर. आणि या थांब्यावरचा शेवटचा प्रश्न: गरज पडली तर मदतीला कोण येणार, आणि त्याला तसं सांगून ठेवलंय का?

इथं मला माझ्या थोरल्या वहिनीची गोष्ट सांगावीशी वाटते. वीसेक वर्षं झाली. एका दवाखान्यात रात्री तिचं बाळंतपण झालं, मुलगी झाली, रडली, आम्ही बाहेर पेढ्यांचं बोलत होतो. आतून एकदम धावाधाव सुरू झाली. वहिनीला रक्त जात होतं. इंजेक्शन कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली दिवसपाळीच्या बाईंच्या पदराला, आणि त्या घरी गेलेल्या. दादा मेडिकल उघडायला लावायला चौकापर्यंत पळाला, पायात चप्पल नव्हती. वहिनी वाचली. तीन बाटल्या रक्त लागलं आणि पुढं कित्येक महिने जिना चढताना ती मधेच बसायची. मी पुष्कळदा विचार केला, चूक कुणाची धरायची? किल्ली घेऊन गेलेल्या बाईंची? त्या बारा तास उभ्या होत्या. रात्रीच्या सिस्टरची? ती एकटी तीन खाटांना पुरत होती. औषध होतं, माणसं होती, त्यांना येतही सगळं होतं. बाळ येण्याच्या अर्धा तास आधी ‘इंजेक्शन सिरिंजमध्ये आहे का?’ एवढं विचारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

या कागदाचं कूळ शोधत गेलो तर ते आपल्याच मातीजवळ येऊन पोहोचतं, याचा मला फार आनंद झाला. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड तालुक्यात उटी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातले आत्माराम गावंडे डॉक्टर झाले, अमेरिकेत स्थिरावले, पण आईच्या नावानं उमरखेडला महाविद्यालय काढण्याइतकी गावची ओढ त्यांनी ठेवली. त्यांचा मुलगा अतुल गावंडे, शल्यचिकित्सक. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं शस्त्रक्रियेची तपासणी सूची तयार केली, 19 मुद्द्यांची. रुग्णाचं नाव काय, कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, प्रतिजैविक दिलं का, शेवटी कापसाचे बोळे मोजले का. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. 2009 च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले. गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर, मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर. त्या सूचीतला मला सगळ्यात आवडणारा मुद्दा म्हणजे, चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याला आपण नावानं ओळखतो त्याला ‘डॉक्टर, जरा थांबा’ म्हणणं सोपं जातं.

आपला कागद त्या सूचीचा धाकटा भाऊ. त्याची पहिली परीक्षा 2010 मध्ये कर्नाटकातल्या एका लहान प्रसूती केंद्रात झाली, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांच्या साथीनं. बाळंतपणात करायलाच हव्यात अशा 29 गोष्टींपैकी तिथं आधी सरासरी 10 होत होत्या. कागद आल्यावर 25 व्हायला लागल्या. माणसं तीच, खोली तीच.

पुढं त्याला उत्तर प्रदेशात नेलं. 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत कागद दिला, सोबत शिकवणाऱ्या नर्सा आणि डॉक्टर दिले. आठ महिने ते येऊन शेजारी उभे राहायचे. हात धुणं वाढलं, ऑक्सिटोसिन वेळेवर जायला लागलं. पण 2017 मध्ये हिशेब मांडला तेव्हा आई आणि बाळाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. शिकवणाऱ्यांचं येणं संपल्यावर पाळलेल्या गोष्टीही पुन्हा घसरल्या. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस खट्टू होतो. लाडक्या पोराचा निकाल वाईट लागावा तसं झालं.

पण त्यातूनच मला तो नीट कळला. तो विचारतो ‘अंबू बॅग आहे का’, आणि ती नसेल तर तो आणू शकत नाही. ‘पुढं पाठवायचं का’ विचारतो, पण पुढच्या दवाखान्यात रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ ठेवणं त्याच्या हातात नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसं, औषधं, गाड्या मागे उभ्या हव्यात. त्या नसतील तर तो एकटा काय करील?

त्याचा सगळ्यात मोठा अपमान याहून वेगळा आहे, आणि तो रोज होतो. बाळंतपण उरकतं, बाई वॉर्डात जाते, आणि पाळी संपताना कुणीतरी टेबलाशी बसून सगळ्या चौकोनांत एका दमात बरोबरच्या खुणा करतं. चारही थांबे, एकाच शाईत, एकाच तिरप्या हातानं. तपासणीला आलेला अधिकारी फाईल उघडतो, पानभर खुणा बघतो, खूश होतो. त्या पानावर कुठंही खाडाखोड नसते. मला असं पान दिसलं की काळजात धस्स होतं. खरा वापरलेला कागद ओळखायला सोपा असतो. त्यावर वेगवेगळ्या शाया असतात, पाण्याचे थेंब असतात, एखाद्या चौकोनात ‘नाही’ लिहिलेलं असतं आणि पुढं वेळ: ‘मागवले, 2.40.’ तो ‘नाही’ लिहायला हिंमत लागते. ज्या दवाखान्यात ‘नाही’ लिहिणाऱ्या सिस्टरला झापलं जातं तिथं दुसऱ्या दिवसापासून सगळे चौकोन भरलेलेच मिळतात.

मला या कागदाबद्दल जे वाटतं त्याचा गाभा इथं आहे. पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेल्या सिस्टरला काय काय लागतं ते पाठ असतं. तिला आठवणीपेक्षा जास्त गरज असते ती बोलण्याच्या हक्काची. आपल्याकडे डॉक्टरांना सिस्टर टोकत नाही, सिस्टरला मावशी टोकत नाही, आणि खाटेवरची बाई तर कुणालाच नाही. मावशीनं हात न धुतलेला बघितलेला असतो. ती गप्प राहते. हा कागद मोठ्यानं वाचला, की ते टोकणं तिच्या तोंडून न येता कागदाकडून येतं. ‘साहेब, यात विचारलंय, हात धुतले का?’ कुणाचा मान जात नाही. एवढ्यासाठी तो मोठ्यानं वाचायचा असतो, आणि एवढ्यासाठीच तो मनातल्या मनात भरला की मेला.

केंद्र सरकारनं 11 डिसेंबर 2017 ला ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला, प्रसूतीगृहं सुधारण्यासाठी, आणि त्यातही या कागदाला जागा मिळाली. महाराष्ट्रात 2018 ते 2020 या काळात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा 97 होता. त्या काळात राज्यांत केरळनंतर आपलाच क्रमांक होता. हे थोडं नाही, त्यासाठी पुष्कळ सिस्टरांनी पुष्कळ रात्री जागवल्या आहेत. पण सरासरीत कोप दिसत नाही. फडातून आलेली बाई त्या 33 मध्ये कुठं आहे हे त्या आकड्याला विचारता येत नाही.

17 सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन असतं, मुक्तिसंग्राम दिन. 2019 पासून तोच दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो, आणि 2021 मध्ये त्याचा विषयच सुरक्षित आणि सन्मानाचं बाळंतपण हा होता. योगायोगच. तरी मला वाटतं, त्या सकाळी झेंडा फडकल्यावर आमच्याकडच्या प्रत्येक प्रसूतीगृहात हा कागद एकदा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावा. डॉक्टर, सिस्टर, मावशी, 108 चा चालक. दहा मिनिटं लागतील. कुठली वस्तू नाही ते कळेल, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही.

चौथ्या थांब्यावर घाई असते. ट्रॉली बाहेर उभी असते, मुकादमाचे दोन फोन येऊन गेलेले असतात, नवरा सारखा दारात डोकावतो. कागद मात्र आपल्या चालीनं विचारत राहतो. आईचं बीपी पुन्हा घेतलं का? रक्त किती जातंय? बाळ नीट ओढतंय का? ताप आला, बाळ थंड पडलं, दूध ओढेना झालं तर परत यायचं, हे सांगितलं का, आणि तिला कळलं का? सिस्टर तिच्या नवऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघून सांगते. ‘काय झालं तर यायचं?’ असं तिलाच उलट विचारते. बाई आधी लाजते, मग बोटांवर मोजत एकेक सांगते. एक सांगायचं राहतं. सिस्टर ते पुन्हा सांगते. मगच शेवटच्या चौकोनात खूण होते.

ट्रॉली निघते, महामार्गाला लागते. बाळ लुगड्याच्या घडीत, टोपडं घातलेलं. इकडे मावशी टेबल पुसते. सिस्टर चिमटा उघडून जुना कागद फाईलला लावते, गठ्ठ्यातला नवा ओढून अडकवते, आणि फ्रीजचं दार उघडून आतल्या कुप्या मोजते.